ईपीएस-९५ ची पेन्शन: नोंदी कशा तपासाव्यात आणि अर्ज कसा करावा

निवृत्तीला आलेला कामगार पीएफचे पासबुक उघडतो, तेव्हा त्याची नजर शेवटच्या रकान्यावर थांबते. 'पेन्शन अंशदान' या नावाखाली तेथे लाख-दीड लाख रुपये दिसतात, त्यांवर व्याज मात्र कोठेच लागलेले नसते, आणि मग तो विचारतो की हे पैसे मला कधी मिळणार. वाळूजच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात मी सव्वीस वर्षे हजेरी आणि पगारपत्रकाचे काम केले. या काळात हा प्रश्न मला जितक्या वेळा विचारला गेला तितका दुसरा कोणताही नाही. त्याचे उत्तर नीट समजले की पेन्शनसाठी नेमके काय सांभाळावे लागते हेही समजते, म्हणून सुरुवात तेथूनच करतो.

आपल्याकडे ज्याला सरसकट 'फंड' म्हणतात त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून कामगाराचा पगार १५,००० रुपये असेल, तर त्याच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात आणि तेवढीच रक्कम मालक भरतो. कामगाराचे १,८०० रुपये पूर्णपणे त्याच्या भविष्य निर्वाह निधीत जातात. मालकाच्या १,८०० पैकी ८.३३ टक्क्यांचा हिस्सा, म्हणजे १,२५० रुपये, पेन्शन फंडात जातो आणि उरलेले ५५० रुपये भविष्य निर्वाह निधीत येतात. केंद्र सरकार पेन्शन फंडात पगाराच्या १.१६ टक्के घालते. पेन्शनचा हिशेब १५,००० रुपयांच्या मर्यादेतच होतो, त्यामुळे पगार तीस हजार असला तरी पेन्शन फंडात जाणारी रक्कम १,२५० हीच राहते.

भविष्य निर्वाह निधी हे ज्याचे त्याचे खाते आहे. त्यावर दरवर्षी जाहीर होणारे व्याज मिळते (२०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होते) आणि निवृत्तीनंतर ती रक्कम व्याजासह हातात येते. पेन्शन फंड मात्र सर्वांचा सामाईक आहे. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये, प्रत्येकाच्या नावावर रक्कम साठवून ती वाढवली जात नाही. फंडात आलेले पैसे एकत्र गुंतवले जातात आणि त्यातूनच ज्यांची पेन्शन सुरू आहे त्यांना, त्यांच्या विधवांना आणि मुलांना दरमहा रक्कम दिली जाते. म्हणून पासबुकातील तो आकडा कधीच एकरकमी परत येत नाही आणि आपली पेन्शन त्या आकड्यावर ठरतही नाही. ती दोनच गोष्टींवर ठरते: किती वर्षे सेवा झाली आणि शेवटच्या साठ महिन्यांत सरासरी पगार किती होता. ही दोन्ही माहिती मालकाने भरलेल्या नोंदींतून येते. नोंद चुकली की पेन्शन चुकते, आणि त्या वेळी पैसे वेळेवर भरले होते की नाही याला फारसा अर्थ उरत नाही.

हिशेबाचे सूत्र सोपे आहे. पेन्शनपात्र पगाराला पेन्शनपात्र सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे. यात एक बारकावा आहे. १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पगाराची मर्यादा ६,५०० रुपये होती, त्यामुळे त्या तारखेपूर्वीची वर्षे ६,५०० च्या मर्यादेत आणि नंतरची १५,००० च्या मर्यादेत धरली जातात. समजा, मर्यादेइतका किंवा त्याहून अधिक पगार असलेला एक कामगार सप्टेंबर १९९९ मध्ये कामावर लागला आणि ऑगस्ट २०२४ अखेर ५८ वर्षांचा झाला. त्याच्या पहिल्या १५ वर्षांचे ६,५०० गुणिले १५ भागिले ७०, म्हणजे १,३९३ रुपये होतात, आणि पुढच्या १० वर्षांचे १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे २,१४३ रुपये. बेरीज ३,५३६ रुपये. सेवा वीस वर्षांची किंवा त्याहून अधिक असल्याने त्याला आणखी दोन वर्षांची सेवा अधिक धरून मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष रक्कम याहून थोडी वर जाते. १६ नोव्हेंबर १९९५ पूर्वीपासून फंडात असलेल्यांच्या जुन्या सेवेचा हिशेब वेगळ्या तक्त्याने होतो आणि तो या रकमेत मिळवला जातो.

ही रक्कम थोडी आहे हे मला मान्य आहे. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन १,००० रुपये ठरली, तीही आजच्या किराणा मालाच्या भावात पुरेशी नाही. पण ज्या घरात पावसावर अवलंबून असलेली चार एकर जमीन आणि हीच पेन्शन एवढाच आधार आहे, तेथे प्रत्येक शंभर रुपयांना किंमत असते. आजच्या मर्यादेप्रमाणे एका वर्षाची सेवा म्हणजे १५,००० भागिले ७०, दरमहा २१४ रुपये, आणि तेही हयातभर. नोंदीतून एक वर्ष गळाले तर एवढे नुकसान होते. त्यामुळे पुढची सगळी कामे नोकरीवर असतानाच, शक्यतो पन्नाशीच्या आसपास, उरकून घ्यावीत.

सर्व्हिस हिस्टरी उघडून पाहा

यूएएन क्रमांक (फंडातील प्रत्येक सदस्याचा कायमचा क्रमांक) आणि पासवर्ड वापरून कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या सदस्य पोर्टलवर जावे आणि 'व्ह्यू' खालचे 'सर्व्हिस हिस्टरी' हे पान उघडावे. स्वतःला जमत नसेल तर मुलाकडून किंवा गावातील सीएससी केंद्रातून करून घ्यावे, पण पान स्वतः वाचावे. त्यात आपण काम केलेला प्रत्येक कारखाना किंवा ठेकेदार, तेथे लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि पेन्शन योजनेत आल्याची तारीख दिसते. एखादा जुना कारखाना त्यात नसेल, तर बहुधा त्या नोकरीचा यूएएन वेगळा आहे किंवा ते जुने खाते अजून जोडलेलेच नाही. अशा वेळी फॉर्म १३ ची ऑनलाइन मागणी करून जुने खाते आजच्या खात्यात वर्ग करून घ्यावे. वर्ग करताना भविष्य निर्वाह निधीची रक्कम पुढे येते. पेन्शनचे पैसे आहेत तेथेच राहतात आणि सेवेची वर्षे तेवढी पुढे जोडली जातात. ठेकेदार बदलत काम करणाऱ्या चिकलठाणा, शेंद्रा आणि जालन्याच्या स्टील कारखान्यांतील कामगारांसाठी हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण तेथे एकाच माणसाचे तीन-तीन यूएएन मी पाहिले आहेत.

सोडल्याची तारीख रिकामी असेल तर पुढचा कोणताही अर्ज अडतो. नोकरी सोडून दोन महिने झाल्यावर ती तारीख सदस्याला पोर्टलवर स्वतःच भरता येते, त्यासाठी जुन्या मालकाच्या मागे फिरण्याची गरज नाही.

नाव आणि जन्मतारीख

आपल्या भागात सर्वाधिक अर्ज येथेच अडकतात. ज्ञानेश्वर हे नाव आधारवर डी-एन-वायने सुरू होते आणि कारखान्याच्या नोंदीत जी-वायने. काही ठिकाणी आडनाव आधी असते, काही ठिकाणी वडिलांचे नाव गाळलेले असते, आणि स्त्री कामगारांची नोंद माहेरच्या नावाने राहिलेली असते.

जन्मतारखेचा गुंता त्याहून अवघड आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून ही तारीख लिहीत, त्यामुळे आज साठीच्या आसपास असलेल्या असंख्य लोकांच्या टीसीवर तीच तारीख आहे. पुढे आधार काढताना ज्यांनी फक्त वर्ष सांगितले त्यांच्या आधारवर १ जानेवारी आली. कारखान्यात भरती होताना कोणी तोंडी सांगितलेली तारीख लिहिली गेली, ती तिसरीच. पेन्शनचा हक्क ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होतो, त्यामुळे या तीन तारखांतील कोणती धरायची यावर काही महिन्यांची पेन्शन अवलंबून असते, आणि तारखा जुळत नसतील तर अर्जच परत येतो. जानेवारी २०२४ पासून निधी संघटनेने आधारला जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून वगळले आहे, त्यामुळे टीसी, दहावीचे प्रमाणपत्र किंवा जन्माचा दाखला जपून ठेवावा. ज्या शाळेत शिकलात ती जिल्हा परिषदेची असेल, तर मुख्याध्यापकांकडे अर्ज करून निर्गम उतारा मिळतो. आधी त्या पुराव्याच्या आधारे आधार दुरुस्त करावे आणि मगच पीएफच्या नोंदीला हात घालावा, कारण क्रम उलटला तर दोनदा दुरुस्ती करावी लागते.

पीएफच्या नोंदीतील दुरुस्ती 'संयुक्त घोषणापत्र' म्हणजे जॉइंट डिक्लरेशन भरून होते. ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला आहे आणि आधारशी पडताळलेला आहे, त्यांना जानेवारी २०२५ पासून नाव, जन्मतारीख आणि रुजू झाल्याची तारीख यांसारख्या बहुतेक नोंदी मालकाच्या मंजुरीशिवाय स्वतःच दुरुस्त करता येतात. त्याआधीच्या यूएएनसाठी मालकाची मंजुरी लागते. कारखाना चालू आहे आणि टाइम ऑफिसातील माणूस ओळखीचा आहे तोवर ही मंजुरी एका दिवसात होते, आणि कारखाना बंद पडल्यावर तीच मंजुरी मिळवायला वर्ष लागते.

हंगामी कामगारांची सेवा

साखर कारखान्यातील हंगामी कामगारांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बीड, परभणी, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत असे हजारो लोक आहेत आणि हा नियम त्यांना कोणी सांगत नाही. पेन्शन योजनेत असे स्पष्ट लिहिले आहे की हंगामी कामगाराने एखाद्या वर्षी प्रत्यक्षात वर्षापेक्षा कमी काळ काम केले असले, तरी ते वर्ष पूर्ण वर्ष धरले जाईल. म्हणजे गळीत हंगाम पाच महिने चालला असला तरी पेन्शनच्या सेवेत एक वर्ष धरले गेले पाहिजे.

माझे मेव्हणे एका कारखान्यात बॉयलरवर हंगामी होते. चौदा हंगाम त्यांनी सलग केले. ५८ पूर्ण झाल्यावर अर्ज केला, तेव्हा त्यांची सेवा साडेसात वर्षे दाखवून पेन्शन नाकारली गेली आणि दहा वर्षे झालेली नाहीत म्हणून रक्कम काढून घ्या असे उत्तर आले. आम्ही सर्व्हिस हिस्टरी आणि कारखान्याने भरलेली मासिक विवरणे समोर ठेवली, तेव्हा चूक दिसली. हंगाम संपल्यापासून पुढचा हंगाम सुरू होईपर्यंतचे सगळे दिवस कारखान्याच्या कारकुनाने बिनपगारी दिवस म्हणून भरले होते. निधी संघटनेच्या भाषेत त्यांना एनसीपी दिवस म्हणतात, आणि ते सेवेतून वजा होतात. कारखान्याकडून 'हा कामगार हंगामी वर्गातील आहे' असे पत्र घेतले, नेमणुकीचा आदेश आणि प्रत्येक हंगामाची हजेरी जोडली, सुधारित विवरण भरून घेतले, आणि अर्ज पुन्हा केला. सहा महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. जो कागद घरातच होता त्याचा उपयोग होतो हे माहीत नसल्यामुळे तो माणूस वर्षभर रिकाम्या हाताने बसला, ही गोष्ट मला अजून लागते.

म्हणून हंगामी कामगाराने प्रत्येक हंगामानंतर पासबुक पाहून एनसीपी दिवसांचा आकडा तपासावा. बंद हंगामात रिटेन्शन भत्ता मिळत असेल तर त्यावरही फंड कापला जातो हेही लक्षात ठेवावे.

सेवा मोडू नका

दहा वर्षांची सेवा नसेल तर पेन्शन मिळत नाही. मात्र सहा महिने किंवा त्याहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, त्यामुळे साडेनऊ वर्षे झाली तरी माणूस पात्र होतो. जे पात्र नाहीत त्यांना फॉर्म १०-सी भरून दोन गोष्टींपैकी एक मागता येते: तक्त्याप्रमाणे ठरणारी एकरकमी रक्कम किंवा योजना प्रमाणपत्र.

नोकरी सुटली की घरातल्या अडचणीला फंड उचलायची सवय आपल्याकडे फार आहे, आणि फंडाबरोबर १०-सी सुद्धा भरून टाकला जातो. एकरकमी रक्कम घेतली की तेवढी वर्षे पुसली जातात आणि पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. चार वर्षे एका ठेकेदाराकडे, पाच वर्षे दुसऱ्याकडे आणि चार वर्षे तिसऱ्याकडे काम करून प्रत्येक वेळी रक्कम उचललेल्या माणसाला तेरा वर्षे राबूनही पेन्शन नाही. पैशांची निकड असेल तर फॉर्म १९ ने भविष्य निर्वाह निधी काढावा, पण पेन्शनच्या वाट्याला हात लावू नये आणि योजना प्रमाणपत्र घ्यावे. ते पुढील नोकरीत जोडता येते, आणि नोकरी लागलीच नाही तरी सेवेचा पुरावा म्हणून उपयोगी पडते.

१ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच फंडात आलेल्या आणि त्या वेळी १५,००० हून अधिक पगार असलेल्या व्यक्तीला पेन्शन योजनेत घेतले जात नाही. तिच्या मालकाचे पूर्ण १२ टक्के भविष्य निर्वाह निधीत जातात. अशा व्यक्तीचा पेन्शनचा रकाना रिकामा असेल तर ती चूक नाही.

वाढीव पेन्शन, म्हणजे मर्यादेऐवजी प्रत्यक्ष पगारावर धरली जाणारी पेन्शन, मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कामगारांना त्यासाठीचा विकल्प भरण्यासाठी दिलेली मुदत ११ जुलै २०२३ रोजी संपली आहे.

अर्ज कधी आणि कसा

पूर्ण पेन्शन ५८ व्या वर्षी मिळते. ५० नंतर आणि ५८ पूर्वी नोकरी सुटली असेल तर लवकर पेन्शन घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षे कमी असतील तितक्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के कपात होते आणि ती कपात कायमची असते. दुसरे काही उत्पन्न असेल तर थांबणे फायद्याचे आहे. उलट ५८ नंतर ६० पर्यंत पेन्शन पुढे ढकलली तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. ५८ नंतरही कामावर ठेवले असेल, तर पेन्शनचा वाटा बंद होऊन मालकाचे पूर्ण अंशदान भविष्य निर्वाह निधीत गेले पाहिजे, हे टाइम ऑफिसात विचारून घ्यावे.

पेन्शनचा अर्ज म्हणजे फॉर्म १०-डी. त्याआधी पोर्टलवर ई-नॉमिनेशन (वारसांची ऑनलाइन नोंद) भरून पत्नी किंवा पती आणि मुलांची नावे, जन्मतारखा आणि फोटो चढवलेले असावेत. अर्जासोबत पती-पत्नीचा एकत्र फोटो, आधार, बँक पासबुकाचे पहिले पान आणि पंचवीस वर्षांखालील मुलांच्या वयाचे पुरावे लागतात. बँक खाते आधारशी जोडलेले आणि चालू असावे. वर्षानुवर्षे व्यवहार न झालेले खाते दिल्यामुळे पहिलीच पेन्शन परत गेल्याची उदाहरणे माझ्यासमोर घडली आहेत. कारखाना चालू असेल तर अर्जावर मालकाची सही होते. कारखाना बंद असेल तर राजपत्रित अधिकारी, बँक व्यवस्थापक, पोस्टमास्तर, सरपंच किंवा मान्यताप्राप्त शाळेचे मुख्याध्यापक यांच्यापैकी कोणाचीही साक्षांकित सही चालते. बंद पडलेल्या सहकारी कारखान्यांच्या कामगारांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण 'कारखानाच नाही, सही कोण करणार' असे म्हणून कित्येकांनी अर्जच केलेले नाहीत.

अर्ज अडला तर छत्रपती संभाजीनगरच्या कार्यालयात हेलपाटे घालण्याआधी 'ईपीएफआयजीएमएस' या पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक लिहून ठेवावा. निधी संघटना दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत 'निधी आपके निकट' हे शिबिर घेते. कागद समोर ठेवून बोलण्यासाठी ती चांगली जागा आहे.

पेन्शन सुरू झाल्यावर

अर्ज मंजूर झाला की बारा अंकी पीपीओ (पेन्शन देण्याचा आदेश) क्रमांक मिळतो. १ जानेवारी २०२५ पासून केंद्रीकृत पद्धत लागू झाल्याने पेन्शन देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते. मुलाकडे पुण्याला राहायला गेलात म्हणून पीपीओ एका कार्यालयातून दुसऱ्याकडे पाठवण्याची गरज आता उरलेली नाही.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. ईपीएस पेन्शनरला तो नोव्हेंबरमध्येच द्यावा असे बंधन नाही. वर्षात केव्हाही दिला तरी चालतो आणि दिल्यापासून एक वर्ष तो ग्राह्य राहतो. भट्टीवर किंवा ओतकामात आयुष्य गेलेल्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यामुळे सीएससी केंद्रावर अंगठा घेतला जात नाही आणि माणूस तीन-चार वेळा परत येतो. अशा वेळी मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीने दाखला देण्याची सोय वापरावी. टोपी, फेटा काढून, उजेडाकडे तोंड करून बसले की तो लगेच होतो.

पेन्शनरच्या मृत्यूनंतर पत्नीला त्याच्या पेन्शनच्या निम्मी पेन्शन मिळते, पण १,००० रुपयांपेक्षा कमी नाही. दोन मुलांना २५ वर्षांपर्यंत प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के मिळतात. कामगार नोकरीत असतानाच गेला, तर एक महिन्याचे अंशदान भरलेले असले तरी विधवा पेन्शनचा हक्क असतो, आणि त्याशिवाय ठेव संलग्न विमा योजनेतून जास्तीत जास्त ७ लाख रुपये मिळू शकतात. कित्येक घरांत हे कोणालाच माहीत नसते आणि दिवस झाल्यावर फक्त फंड उचलून प्रकरण मिटवले जाते.

पीपीओवर पत्नीचे नाव आणि फोटो आधीच असतो, त्यामुळे मृत्यूचा दाखला, पीपीओ, तिचे आधार आणि तिच्या स्वतःच्या नावावरील बँक खाते एवढ्यावर तिची पेन्शन सुरू होते. पतीच्या मृत्यूनंतर त्याच्या खात्यात जमा झालेली पेन्शन एटीएमने काढू नये, कारण ती वसूल केली जाते आणि तोवर तिचा अर्ज अडून राहतो. तिच्या नावाचे खाते आजच उघडावे, पीपीओची झेरॉक्स, यूएएन क्रमांक आणि ई-नॉमिनेशनची प्रत एका पाकिटात घालून जमिनीच्या कागदांच्या पेटीत ठेवावी, आणि ते पाकीट कोठे आहे हे तिला हाताने उघडून दाखवावे.